दुडदुडत्या व शालापूर्व वयातील बालकांचे विकासटप्पे आणि परिचर्या : एक विवेचन

सारांश

१ ते ६ वर्षे वयाच्या बालकाचा आरोग्य व पोषण यंत्रणेशी अनेक वेळा संबंध येतो. तथापि हा संबंध बहुतांशी लस, औषधाची मात्रा, वजन किंवा आजारपण यांच्यापुरता राहतो. बालक कसे चालते, काय बोलते, कोणाकडे पाहते आणि कसे खेळते याची नोंद त्या भेटीत होतेच असे नाही. प्रस्तुत लेखात दुडदुडत्या व शालापूर्व वयातील विकासाचे प्रमुख टप्पे, ते तपासताना घ्यावयाची काळजी आणि त्या टप्प्यांवर आधारलेली घरातील व रुग्णालयातील परिचर्या यांचे विवेचन केले आहे. विकासटप्प्यांचे ज्ञान हा परिचर्येच्या अभ्यासक्रमातील एक स्वतंत्र धडा नसून या वयातील संपूर्ण परिचर्येचा तो पाया आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : विकासटप्पे, दुडदुडते वय, शालापूर्व वय, परिचर्या, विकासविलंब, अंगणवाडी.

१. प्रस्तावना

मानवी जीवनातील पहिली सहा वर्षे ही पुढील आयुष्याची पायाभरणी असते, हे विधान बालमानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान व परिचर्याशास्त्र या सर्व विद्याशाखांत मान्य झालेले आहे. पहिल्या वर्षात बालकाकडे सर्वांचे लक्ष असते. लसीकरणाच्या निमित्ताने ते वारंवार आरोग्य केंद्रात येते, आशा स्वयंसेविका घरी येते, नातेवाईकही मान धरली का, बसू लागले का, अशी विचारपूस करीत असतात. मूल एकदा चालू लागले की हे लक्ष हळूहळू कमी होते. पुढील टप्पे आपोआप येतील असे गृहीत धरले जाते. मूल बोलत नसेल तर 'याचे वडीलही उशिराच बोलले' असे सांगून मातेची समजूत घातली जाते. पुष्कळदा ही समजूत खरी ठरते. परंतु ज्या बालकाला ऐकूच येत नाही, त्याच्या बाबतीत या समजुतीत दोन-तीन वर्षे निघून जातात आणि शाळाप्रवेशाच्या वेळी दोष उघडकीस येतो. भाषा शिकण्यासाठी मेंदू सर्वाधिक ग्रहणक्षम असण्याचा काळ तोपर्यंत मागे पडलेला असतो.

या दृष्टीने १ ते ६ वर्षे या कालखंडाचा विचार केवळ संगोपनाचा विषय म्हणून न करता वेळेवर ओळख आणि वेळेवर साहाय्य यांचा विषय म्हणून करणे आवश्यक ठरते.

२. लेखाची उद्दिष्टे

१) दुडदुडत्या (१ ते ३ वर्षे) व शालापूर्व (३ ते ६ वर्षे) वयातील विकासटप्प्यांचा परिचय करून देणे.
२) विकासटप्पे तपासताना स्थानिक परिस्थिती व भाषा यांचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) विकासटप्पे आणि परिचर्या यांचा परस्परसंबंध उलगडून दाखविणे.
४) उपलब्ध शासकीय व्यवस्थेत या ज्ञानाचा उपयोग कोठे व कसा होऊ शकतो, याचा विचार करणे.

३. वाढ, विकास आणि टप्पा : संकल्पना

वाढ म्हणजे शरीराच्या आकारमानात होणारा बदल. तो किलोग्रॅम व सेंटिमीटर यांत मोजता येतो. विकास म्हणजे कार्यक्षमतेत होणारा बदल. तो वजनकाट्यावर दिसत नाही, निरीक्षणातूनच कळतो. वाढ व विकास परस्परांशी निगडित असले तरी ते एकच नव्हेत. उत्तम वजनाचे बालक विकासात मागे असू शकते आणि किडकिडीत बालक वयाला साजेसे बोलू-चालू शकते. केवळ वजनाच्या नोंदीवरून बालक निरोगी असल्याचा निष्कर्ष काढणे म्हणूनच अपुरे ठरते.

विकास डोक्याकडून पायांकडे आणि शरीराच्या मध्याकडून टोकांकडे, म्हणजे खांद्याकडून बोटांकडे, होत जातो. त्याचा क्रम सर्वसाधारणपणे ठरलेला असतो, वेग मात्र प्रत्येक बालकाचा निराळा असतो. सोयीसाठी विकासाची विभागणी स्थूल कारक, सूक्ष्म कारक, भाषिक आणि सामाजिक-भावनिक अशा चार क्षेत्रांत केली जाते.

टप्प्याचा अर्थ समजून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. टप्पा हा एक ठराविक दिवस नसून तो कालावधी असतो. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील बालकांच्या निरीक्षणावर आधारित कारक टप्प्यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानुसार निरोगी बालके आधाराशिवाय चालण्याचा टप्पा ८.२ ते १७.६ महिने एवढ्या विस्तृत काळात गाठतात. त्याच अभ्यासात ४.३ टक्के बालके हात व गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरीही ती चालू लागली. म्हणजे १० व्या महिन्यात चालणारे मूल हुशार आणि १५ व्या महिन्यात चालणारे मंद, हा समज निराधार आहे; परंतु १८ महिने पूर्ण होऊनही न चालणाऱ्या बालकाची तपासणी पुढे ढकलणे हेदेखील तितकेच अयोग्य आहे.

अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने आपल्या टप्प्यांच्या याद्यांमध्ये २०२२ मध्ये सुधारणा केली. पूर्वी निम्मी बालके जो टप्पा गाठतात ते वय दिले जाई. सुधारित यादीत किमान ७५ टक्के बालके तो टप्पा गाठतात ते वय धरले आहे. १५ व ३० महिने या वयांसाठी स्वतंत्र याद्या जोडल्या गेल्या आणि रांगण्याचा टप्पा वगळण्यात आला. 'थोडे थांबून पाहू' या सल्ल्याला कमी वाव राहावा, हा या बदलामागील हेतू होता.

४. दुडदुडते वय : १ ते ३ वर्षे

पहिल्या वर्षाअखेर बालकाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट आणि दुसऱ्या वर्षाअखेर सुमारे चौपट होते. म्हणजे पहिल्या वर्षात सहा-सात किलो वाढलेले मूल दुसऱ्या वर्षात अडीच-तीन किलोच वाढते. वेग मंदावल्यामुळे भूकही कमी होते. पुढची टाळू साधारणतः १८ महिन्यांपर्यंत भरून येते आणि अडीच वर्षांच्या सुमारास दुधाचे २० दात पूर्ण होतात.

या वयातील प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१५ महिने : आधाराशिवाय चालते, पायऱ्यांवर रांगत चढते, दोन ठोकळे एकावर एक ठेवते, हवी असलेली वस्तू बोटाने दाखविते.

१८ महिने : अडखळत धावते, तीन ठोकळ्यांचा मनोरा रचते, ८ ते १० अर्थपूर्ण शब्द बोलते, झाडणे, लाटणे अशा घरकामांची नक्कल करते.

२ वर्षे : प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत जिना चढते-उतरते; सहा ठोकळे रचते; दोन-तीन शब्दांचे वाक्य बोलते; भूक, तहान व शौचाची जाणीव सांगते.

३ वर्षे : एकेक पाय टाकत जिना चढते, तीनचाकी सायकल चालविते, वर्तुळ पाहून काढते, स्वतःचे नाव सांगते, 'का?', 'काय?' असे प्रश्न विचारते.

एरिक एरिक्सन यांच्या मते हा स्वायत्तता विरुद्ध लज्जा व संशय या संघर्षाचा काळ आहे. या वयातील 'नाही', 'मी करणार', 'माझं' हे शब्द हट्टाचे वाटले तरी ती स्वत्वाची पहिली घोषणा असते. हातपाय आपटणे, जमिनीवर लोळण घेणे यामागे बहुधा दुष्टपणा नसतो. मनात आहे ते सांगण्याइतकी भाषा अद्याप आलेली नसते, हे त्याचे कारण असते. म्हणून भाषाविकास आणि वर्तन यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

५. शालापूर्व वय : ३ ते ६ वर्षे

या काळात वजन दरवर्षी सुमारे २ किलोने वाढते. चौथ्या वर्षाच्या सुमारास उंची साधारणतः १०० सेंटिमीटर, म्हणजे जन्माच्या वेळच्या लांबीच्या दुप्पट होते. पोटाचा गोलावा कमी होऊन बांधा सडपातळ दिसू लागतो.

४ वर्षे : लंगडी घालते, एकेक पाय टाकत जिना उतरते, अधिक चिन्हासारखी फुली पाहून काढते, गोष्ट सांगते, इतर मुलांबरोबर गटात खेळते, शौचास एकटे जाते.

५ वर्षे : उड्या मारत चालते, त्रिकोण पाहून काढते, शब्दांचे अर्थ विचारते, कपडे स्वतः घालते व काढते, घरकामात मदत करते.

जाँ पियाजे यांनी २ ते ७ वर्षे या काळाला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले आहे. या अवस्थेतील बालक स्वतःच्या दृष्टिकोनातून जगाकडे पाहते, निर्जीव वस्तूंना सजीव मानते आणि दोन घटना एकापाठोपाठ घडल्या की त्यांत कार्यकारणभाव जोडते. 'मी आईचे ऐकले नाही म्हणून मला ताप आला' असे ते खरोखरच समजते. एरिक्सन यांनी या वयाला उपक्रमशीलता विरुद्ध अपराधभाव असे संबोधले आहे. आजारी बालकाच्या परिचर्येत या दोन्ही विचारांचा कसा उपयोग होतो, हे पुढे पाहता येईल.

खेळातही क्रमशः बदल होतो. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानुसार दुडदुडत्या वयातील मुले शेजारी बसून स्वतंत्रपणे खेळतात; पुढे ती एकमेकांशी देवाणघेवाण करीत खेळू लागतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी नियम व भूमिका ठरवून खेळतात. भातुकली हा या शेवटच्या टप्प्याचा आपल्या परिसरातील उत्तम नमुना होय. त्यात भाषा, अनुकरण, क्रम, वाटप व नेतृत्व यांचे एकाच वेळी निरीक्षण करता येते.

६. टप्पे तपासताना : घर, भाषा व वस्तू

पाठ्यपुस्तकातील टप्पे जिना, तीनचाकी सायकल, लाकडी ठोकळे व पेन्सिल असलेल्या घराला गृहीत धरून लिहिलेले आहेत. एकमजली घरात, पाड्यावर किंवा ऊसतोड कामगारांच्या कोपीत वाढणाऱ्या बालकाने जिना पाहिलेलाच नसतो. 'जिना चढतो का?' या प्रश्नाला मातेने 'नाही' असे उत्तर दिले तर ती विकासातील उणीव नसून संधीचा अभाव असतो. अशा वेळी ओट्यावर चढणे, बांधावरून चालणे, बियांची रास वाटीत भरणे, काडीने मातीत गोल काढणे या कृतींतून तीच क्षमता पाहता येते. क्षमता तपासायची असते, वस्तूची ओळख नव्हे.

भाषेच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. पालघर जिल्ह्यातील वारली, मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी व माडिया बोलणाऱ्या घरातील बालकाला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला आणि ते गप्प राहिले, तर त्यावरून भाषाविलंबाचा निष्कर्ष काढता येत नाही. दोन भाषा ऐकत वाढणाऱ्या बालकाचे शब्द मोजताना दोन्ही भाषांतील शब्द मिळून मोजावे लागतात. स्थलांतरित कुटुंबांना व परराज्यांत किंवा परदेशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हाच नियम लागू होतो. 'दोन भाषांमुळे मूल बोलत नाही' हे कारण पुढे करून तपासणी टाळणेही योग्य नाही, कारण दोन भाषांच्या सहवासामुळे खरा भाषाविलंब उद्भवत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून धरावे लागते. दोन महिने आधी जन्मलेले १८ महिन्यांचे बालक विकासाच्या दृष्टीने १६ महिन्यांचे समजावे.

माहिती विचारण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. 'नीट बोलतो ना?' असे विचारल्यास माता सहसा 'हो' म्हणते. त्याऐवजी 'ताई, काल दिवसभरात हा स्वतःहून काय काय बोलला?' असा प्रश्न केल्यास प्रत्यक्ष शब्द कळतात. मातेला वाटणारी चिंता ही स्वतंत्र व महत्त्वाची नोंद आहे. ती हसण्यावारी नेऊ नये.

प्राथमिक चाळणीसाठी भारतीय साधने उपलब्ध आहेत. तिरुवनंतपुरम येथील बालविकास केंद्रात तयार झालेला विकास चाळणी तक्ता आरोग्य कर्मचाऱ्यांना अल्पावधीत वापरता येतो. बडोदा येथे डॉ. प्रमिला फाटक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय बालकांसाठी विकसित झालेली मापनश्रेणी प्रशिक्षित तज्ज्ञांकडून सविस्तर मूल्यमापनासाठी वापरली जाते. स्वमग्नतेच्या प्राथमिक चाळणीसाठी १६ ते ३० महिने या वयात एम-चॅट ही प्रश्नावली वापरतात. चाळणी म्हणजे निदान नव्हे. चाळणीत अडकलेल्या बालकावर शिक्का न मारता त्याला पुढील तपासणीसाठी पाठविणे एवढेच तिचे प्रयोजन असते.

७. तत्काळ संदर्भ सेवा आवश्यक असणारी चिन्हे

१) १८ महिने पूर्ण होऊनही आधाराशिवाय न चालणे.
२) १६ ते १८ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे किंवा बोटाने वस्तू न दाखविणे.
३) २ वर्षे पूर्ण होऊनही दोन शब्द जोडून न बोलणे.
४) नावाने हाक मारल्यास न वळणे, नजरेला नजर न देणे.
५) १८ महिन्यांपूर्वीच एकाच हाताचा ठळक वापर करणे, यामागे दुसऱ्या बाजूचा अशक्तपणा असू शकतो.
६) सतत टाचा उचलून चालणे, वारंवार पडणे, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांचा आधार घेणे.
७) आलेले शब्द किंवा कौशल्य कोणत्याही वयात नाहीसे होणे.

यांपैकी शेवटचे चिन्ह सर्वांत गंभीर मानले जाते. बोलण्यास विलंब असलेल्या प्रत्येक बालकाची श्रवणतपासणी प्रथम करावी. टाळी वाजविल्यावर मूल वळते, म्हणून त्याला ऐकू येते, असे म्हणता येत नाही. ते सावलीमुळे किंवा हवेच्या हालचालीमुळेही वळू शकते.

८. टप्प्यांवर आधारित दैनंदिन परिचर्या

अ) आहार : दुसऱ्या वर्षात भूक मंदावणे स्वाभाविक असते, हे मातेस सांगितले नाही तर जबरदस्तीने भरविणे किंवा चहा-बिस्किटावर भागविणे असे दोन्ही प्रकार घडतात. केवळ दुधावर ठेवलेल्या बालकात लोहाची कमतरता आढळते. दिवसातून तीन जेवणे व दोन अल्पोपाहार, स्वतंत्र ताटली आणि स्वतःच्या हाताने खाण्याची मुभा असावी. अन्न सांडते, परंतु त्यातूनच बोटांची पकड व स्वायत्तता घडते. ६ ते ५९ महिने वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असणे किंवा दोन्ही पायांवर सूज असणे हे तीव्र कुपोषणाचे लक्षण असून अशा बालकास तातडीने संदर्भ सेवा द्यावी. ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमांतर्गत याच वयोगटास लोह व फॉलिक ॲसिडचे द्रावण आठवड्यातून दोनदा १ मिली दिले जाते.

आ) संसर्ग : १ ते ५ वर्षे वयाच्या बालकाचा श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक असल्यास तो जलद समजावा. छाती आत ओढली जाणे हे धोक्याचे लक्षण आहे. जुलाबात दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालील बालकास ५० ते १०० मिली व त्यावरील बालकास १०० ते २०० मिली क्षारसंजीवनी द्यावी, जस्ताची मात्रा १४ दिवस पूर्ण करावी आणि आहार चालू ठेवावा.

इ) अपघात प्रतिबंध : या वयात प्रत्येक नवा टप्पा नवा धोका घेऊन येतो. चालू लागलेले मूल चुलीपर्यंत पोहोचते. चढू लागलेले मूल फडताळापर्यंत. चिमटीत धरू लागलेले मूल शेंगदाणा, फुटाणा किंवा सुपारी तोंडात टाकते. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकणे हे या वयातील गंभीर अपघातांचे एक नेहमीचे कारण आहे. पाण्याने भरलेली बादली किंवा उघडा हौदही जीवघेणा ठरू शकतो. पाण्याच्या बाटलीत रॉकेल किंवा कीटकनाशक ठेवणे पूर्णतः टाळावे. म्हणून परिचारिकेने मातेस आजचा टप्पा सांगताना येणाऱ्या टप्प्याचा धोकाही सांगावा.

ई) शौचसवय : बालक चालू लागले, काही वेळ कोरडे राहू लागले आणि शौचाची जाणीव शब्दाने किंवा खुणेने सांगू लागले की ही सवय लावता येते. ही तयारी सामान्यतः १८ ते २४ महिन्यांनंतर दिसते. त्यापूर्वीची सक्ती व चारचौघांतील लाजविणे निष्फळ ठरते. पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे हा आजार समजू नये.

उ) झोप, खेळ व पडदा : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षे वयात ११ ते १४ तास व ३ ते ४ वर्षे वयात १० ते १३ तास झोप, दिवसभरात किमान १८० मिनिटे शारीरिक हालचाल आणि २ ते ४ वर्षे वयात पडद्यासमोर जास्तीत जास्त एक तास अपेक्षित आहे. एक वर्षाच्या बालकास पडदा दाखवूच नये. भ्रमणध्वनी हातात देऊन जेवण भरविण्याची रूढ होत चाललेली सवय आहार, भाषा व नजरेचा संवाद या तिन्ही बाजूंनी हानिकारक ठरते.

९. रुग्णालयातील बालक

विकासटप्प्यांच्या ज्ञानाची खरी कसोटी बालरुग्ण कक्षात लागते. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये दोन वर्षांच्या एका बालिकेच्या रुग्णालयातील वास्तव्याचे चित्रीकरण केले. मातेपासून दुरावलेले बालक प्रथम आक्रोशाने निषेध करते, नंतर निराश होते आणि शेवटी अलिप्त होते, हे त्यांच्या व जॉन बोल्बी यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. ब्रिटनमधील प्लॅट समितीने १९५९ च्या अहवालात पालकांना भेटीची पूर्ण मोकळीक द्यावी व लहान बालकांसोबत मातेला राहू द्यावे, अशी शिफारस केली. या अभ्यासाचा परिचर्येसाठी महत्त्वाचा धडा असा की, रडायचे थांबलेले मूल रुळलेलेच असते असे नाही. ते निराश झालेले असू शकते.

आपल्याकडील बहुतेक रुग्णालयांत माता बालकाजवळ असते. परंतु सुई टोचताना किंवा मलमपट्टी करताना तिला बाहेर जाण्यास सांगितले, तर नेमक्या भीतीच्या क्षणी बालक एकटे पडते. शक्य तेथे मातेच्या मांडीवर बसवून ही कृती करावी. दुडदुडत्या बालकाला कृतीच्या अगदी अगोदर, मोजक्या शब्दांत कल्पना द्यावी. त्याला तासांचे भान नसते. 'चार वाजता आई येईल' यापेक्षा 'खाऊ खाऊन झाला की आई येईल' हे त्याला कळते. तपासणीत प्रथम श्वास मोजावेत, मग नाडी आणि शेवटी त्रासदायक कृती कराव्यात, कारण रडणाऱ्या बालकाच्या श्वासांची मोजणी विश्वसनीय नसते.

शालापूर्व बालकाच्या मनात आजार ही शिक्षा आहे, ही समजूत असते. 'गडबड केलीस तर सुई देईन' हे वाक्य ती समजूत पक्की करते. 'तू काही चूक केली नाहीस बाळा, हे औषध खोकला बरा करण्यासाठी आहे' असे स्पष्टपणे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे. टोचलेल्या जागेतून सर्व रक्त वाहून जाईल, अशी भीती या वयात वाटते. लहानशी पट्टी लावल्याने ती शमते. बाहुलीला आधी सुई देऊ देणे, 'उजवा हात की डावा?' अशी निवड देणे यांतून बालकाला परिस्थितीवर काही अंशी ताबा मिळतो. मात्र 'सुई देऊ का?' असे विचारू नये. नकार दिल्यावरही टोचल्यास विश्वास तुटतो.

तीन वर्षांवरील बालकास चेहऱ्यांच्या चित्रांवरून वेदनेची तीव्रता दाखविता येते. त्याहून लहान बालकाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे व शांत होण्याची क्षमता यांवरून ती ठरवावी लागते.

आजारपणात शौचसवय मोडणे, बाटली मागणे, बोबडे बोलणे ही तात्पुरती माघार असते. तिच्याबद्दल रागावू नये. परंतु आजारातून उठल्यावर काही आठवड्यांत गेलेले कौशल्य परत येत नसेल, तर पुनर्तपासणी आवश्यक ठरते.

१०. भेटी आणि नजर

महाराष्ट्रात बालकाजवळ पोहोचण्याचा विचार नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे व पुढे १९५७ पासून कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी कार्य केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे सूत्र त्यांनी अंगणवाडी व कुरणशाळा यांतून प्रत्यक्षात आणले. परिसरातील वस्तूंचाच त्यांनी शिक्षणसाधने म्हणून उपयोग केला. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. जन्मजात दोष, कमतरता, आजार व विकासविलंब या चार गटांची तपासणी त्यात अपेक्षित असून फिरते आरोग्य पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीस भेट देते.

बालकाच्या भेटींची साखळी पाहिल्यास पुढील चित्र दिसते. २०१८ पासूनच्या गृह आधारित बालसंगोपन कार्यक्रमात आशा स्वयंसेविकेच्या भेटी ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत आहेत. १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा व त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा दिली जाते. त्यानंतरची त्रिगुणी वर्धक मात्रा ५ ते ६ वर्षांत असते. मधल्या काळात जीवनसत्त्व अ ची मात्रा दर सहा महिन्यांनी पाच वर्षांपर्यंत, जंतनाशक गोळी, दरमहा वजन व अंगणवाडीतील उपस्थिती हे दुवे आहेत. म्हणजे भेटींची उणीव नाही. प्रत्येक भेटीचे मोजमाप मात्र 'मात्रा दिली का?' या प्रश्नाने होते. 'मूल कोणत्या टप्प्यावर आहे?' हा प्रश्न मागे राहतो. माता व बाल संरक्षण कार्डावर विकासटप्प्यांची चित्रे आहेत. लसीची तारीख त्याच कार्डावर लिहिताना त्या चित्रांकडे दोन मिनिटे लक्ष देणे अशक्य नाही.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये 'पोषण भी पढाई भी' हा उपक्रम व २०२४ मध्ये तीन वर्षांखालील बालकांसाठी 'नवचेतना' आणि ३ ते ६ वर्षांसाठी 'आधारशिला' ही चौकट जाहीर केली. त्यामुळे अंगणवाडीच्या कामात विकासाच्या निरीक्षणाला अधिकृत स्थान मिळाले आहे. तथापि निरीक्षणानंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर नोंद कागदावरच राहते. बालकास जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत नेण्यात मातेचा दिवसाचा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे लागते, घरातील वडीलधाऱ्यांची संमती लागते. म्हणून चिठ्ठी देऊन संदर्भ सेवा पूर्ण होत नाही. बालक तेथे पोहोचले का, हे पुढील भेटीत विचारले गेले तरच ती पूर्ण होते.

११. निष्कर्ष व शिफारशी

१) दुडदुडत्या व शालापूर्व वयातील परिचर्या बालकाच्या आजारापासून नव्हे, तर त्याच्या विकासटप्प्यापासून सुरू व्हावी. आहार, सुरक्षितता, शौचसवय, सुई देण्याची पद्धत या सर्वांचे स्वरूप त्या टप्प्यावर अवलंबून असते.

२) लस, जीवनसत्त्व अ व वजन यांच्या प्रत्येक भेटीत चाल, बोलणे, नजर व खेळ यांविषयी किमान एकेक प्रश्न विचारून त्याची नोंद करावी.

३) टप्पे तपासताना स्थानिक वस्तू व घरातील बोलीचा उपयोग करावा. अंगणवाडी सेविका ही त्याच वस्तीतील असल्याने या कामी तिचे स्थान अनन्यसाधारण आहे.

४) बोलण्यास विलंब असल्यास 'थांबून पाहू' असा सल्ला न देता श्रवणतपासणीसाठी पाठवावे. तपासणीत काही न निघाल्यास एक दिवस खर्च होतो. दोष असून तपासणी न झाल्यास भाषेचा काळच निघून जातो.

५) परिचर्या, गृहविज्ञान, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व समाजकार्य या विभागांनी महाविद्यालयाच्या दत्तक गावातील अंगणवाडीत संयुक्त निरीक्षण उपक्रम घ्यावा. स्थानिक बोलीतील शब्दयादी व स्थानिक वस्तूंवर आधारित कृतियादी तयार करणे हे महाविद्यालयीन पातळीवर सहज शक्य असलेले व यंत्रणेस उपयुक्त ठरणारे संशोधनकार्य आहे.

सारांशाने असे म्हणता येईल की, या वयातील बालक स्वतःची अडचण सांगू शकत नाही आणि पुष्कळदा मातेलाही ती शब्दांत मांडता येत नाही. ती ओळखण्याची जबाबदारी बालकाला नियमितपणे भेटणाऱ्या परिचारिका, आशा व अंगणवाडी सेविका यांच्यावर आणि त्यांना शिकविणाऱ्या प्राध्यापकांवर येऊन पडते. भेटींची व्यवस्था राज्यात उभी आहे. त्या प्रत्येक भेटीला बालकाचा टप्पा पाहणारी नजर देणे हे यापुढील काम आहे.